जॅझ पियानो, रचना आणि प्राध्यापकी: यांतलं आधी काय?

पुण्याच्या एका तरुणाने विचारलं आहे. वय चोवीस, हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी. लहानपणी तबला, मध्यमा पूर्णपर्यंत. नंतर पियानो, ट्रिनिटीची आठवी ग्रेड. गेली काही वर्षं जॅझचं वेड, आणि डोळ्यांसमोर विजय अय्यर हा भारतीय वंशाचा अमेरिकन जॅझ पियानिस्ट. बेत असा की अमेरिकेत मास्टर्स करायचं, लगोलग डॉक्टरेट, मग विद्यापीठात नोकरी. पगार सुरू झाला की निवांत वाजवायचं आणि लिहायचं. घरच्यांचं म्हणणं, 'वाजवण्याचं काही का होईना, प्राध्यापकी तरी पदरात पडेल.' हा बेत बरोबर आहे का, आणि त्याआधी घरी खरा पियानो घ्यावा का, असे दोन प्रश्न आहेत.

मी अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात जॅझ पियानो आणि अरेंजिंग (रचना बँडच्या वाद्यांत वाटून लिहिणं) शिकवते, विद्यार्थ्यांचे बँड बसवते आणि शनिवार-रविवारी गाडीत कीबोर्ड टाकून वाजवायला जाते. नेमणुकीच्या समित्यांवरही बसत आले आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. पियानोचं शेवटी सांगते.

तुमचा प्रश्न वरवर पदवीचा आहे. खरं तुम्ही विचारताय ते हे: वादनासारखा बेभरवशाचा धंदा कशाच्या आधारावर करू? आणि आधार म्हणून तुम्ही प्राध्यापकी धरली आहे. इथेच गणित उलटं होतं. विद्यापीठ जॅझ पियानिस्टला घेतं ते त्याने विद्यापीठाबाहेर काय केलं ते बघून. म्हणजे प्राध्यापकीच्या जोरावर वादन उभं करायचं म्हणाल तर ते होत नाही, वादनाच्या जोरावर प्राध्यापकी मिळते. आणि एकदा मिळाली की पहिली काही वर्षं तीच वादनाचा वेळ खाऊन टाकते. 'निवांत' हा शब्द तुमच्या बेतातून आजच काढून टाका.

तुम्ही विजय अय्यरचं नाव घेतलं आहे, तर त्याचाच प्रवास नीट बघा. जन्म १९७१ चा, न्यूयॉर्क राज्यातला. लहानपणी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन. पियानो बराचसा आपला आपण, कानाने. येलमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र, मग बर्कलीला भौतिकशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी. तिथे त्याने वाट बदलली आणि तंत्रज्ञान व कला असा स्वतःचा आंतरशाखीय विषय उभा करून १९९८ साली डॉक्टरेट पूर्ण केली. इथपर्यंत वाचून माणसाला वाटतं, बघा, डॉक्टरेट आहेच की. पण त्या वर्षांत तो नुसता ग्रंथालयात बसला नव्हता. ओकलंड-सॅन फ्रान्सिस्को भागात वाजवत होता, १९९५ साली स्टीव्ह कोलमन या सॅक्सोफोनवादकाबरोबर दौऱ्यावर गेला आणि त्याच वर्षी स्वतःचा पहिला अल्बम काढला. डॉक्टरेट हातात पडल्यावर तो प्राध्यापकी शोधायला गेला नाही, न्यूयॉर्कला वाजवायला गेला. सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पाबरोबरचं काम, स्वतःची त्रिकुटं, एकामागून एक अल्बम, मधूनमधून न्यूयॉर्कच्या संस्थांमध्ये शिकवणं. मोठ्या मानाची मॅकआर्थर फेलोशिप २०१३ मध्ये आली आणि हार्वर्डचं प्राध्यापकपद २०१४ मध्ये. डॉक्टरेट आणि हार्वर्ड यांच्यामध्ये सोळा वर्षं आहेत. तुमच्या बेतात ही सोळा वर्षं कुठेच नाहीत.

बरं, अय्यर अपवाद म्हणून सोडून देऊ. पियानिस्ट केनी बॅरन घ्या. फिलाडेल्फियाचा, १९४३ चा जन्म. विशी गाठायच्या आत, १९६२ मध्ये, डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये दाखल. पुढे फ्रेडी हबर्ड, युसेफ लतीफ अशा एकेकाबरोबर वाजवत राहिला. रटगर्स विद्यापीठात १९७३ मध्ये शिकवायला लागला आणि २००० पर्यंत शिकवत होता. बी.ए.ची पदवी त्याने घेतली १९७८ मध्ये, म्हणजे नोकरी लागून पाच वर्षं झाल्यावर. मेरी लू विल्यम्सची गोष्ट याहून टोकाची. कॅन्सस सिटीत अँडी कर्कच्या बँडची पियानिस्ट आणि अरेंजर, बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टनसाठी लिहिणारी. हार्लेममधल्या तिच्या घरी थेलोनियस मंक आणि बड पॉवेल यायचे ते वाजवायला आणि शिकायला. तिला ड्यूक विद्यापीठाने १९७७ मध्ये निवासी कलावंत म्हणून बोलावलं, ते १९८१ मध्ये ती जाईपर्यंत. शिकून मिळवलेली पदवी नावाची गोष्टच तिच्याकडे नव्हती.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. होताच. नॉर्थ टेक्सासने १९४७ मध्ये पहिला जॅझचा पदवी अभ्यासक्रम काढला तेव्हा त्याला नाव 'डान्स बँड' असं दिलं होतं, इतका विद्यापीठांना जॅझ या शब्दाचा संकोच. न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात जॅझ विभाग आला तो १९६९ मध्ये. त्या पिढीला शिकवायला पदवीधर जॅझवाले होते कुठे? जे होते ते बँडस्टँडवर होते, तिथूनच उचलून आणले. आज शेकडो ठिकाणी जॅझच्या पदव्या मिळतात, दरवर्षी मास्टर्स आणि डॉक्टरेटवाले बाहेर पडतात, आणि पूर्णवेळ जागा तेवढ्या वाढलेल्या नाहीत. त्यामुळे पदवी आता चाळणी झाली आहे. जाहिरातीत साधारण लिहिलेलं असतं: मास्टर्स आवश्यक, डॉक्टरेट असल्यास प्राधान्य, किंवा त्या तोडीचा व्यावसायिक अनुभव. म्हणून मास्टर्स कराच असं मी सांगेन. डॉक्टरेटबद्दल मात्र घाई नको. छोट्या महाविद्यालयांत आणि शिक्षणशास्त्राकडे झुकलेल्या विभागांत तिला वजन असतं. मोठ्या शहरांतल्या कॉन्झर्व्हेटरींत तुम्ही कोणाबरोबर वाजवलंय हे आधी विचारतात. कुठल्या प्रकारची जागा तुम्हाला हवी त्यावर हे अवलंबून आहे, आणि चोविसाव्या वर्षी ते कोणालाच ठाऊक नसतं.

तुमच्यासारख्याने मनात धरावं असं उदाहरण माझ्या मते पियानिस्ट गेरी ॲलनचं. डेट्रॉइटमध्ये वाढलेली, तिथे ट्रम्पेटवादक मार्कस बेलग्रेव्हने घडवलेली. हॉवर्ड विद्यापीठातून १९७९ मध्ये जॅझची पदवी, मग न्यूयॉर्कला वर सांगितलेल्या केनी बॅरनकडे शिक्षण, मग पिट्सबर्ग विद्यापीठातून १९८२ मध्ये लोकसंगीतशास्त्रात एम.ए. कागद लवकर जमले होते. पण तिने ते खिशात ठेवले आणि न्यूयॉर्कमध्ये कारकीर्द उभी केली. नंतर मिशिगन विद्यापीठात दशकभर शिकवलं, आणि २०१३ मध्ये पिट्सबर्गला जॅझ विभागाची प्रमुख म्हणून परतली, ज्या विद्यापीठातून एकतीस वर्षांपूर्वी एम.ए. झाली होती तिथेच. मेरी लू विल्यम्सचं संगीत तिने पुन्हा वाजवलं, ध्वनिमुद्रित केलं. वादन, रचना, संशोधन हे तिचे तीन वेगळे कप्पे नव्हते. २०१७ मध्ये ती साठाव्या वर्षीच गेली.

आता नोकरी प्रत्यक्षात कशी असते ते. 'जॅझ पियानो' एवढ्यासाठी पूर्ण जागा फार क्वचित निघते. जाहिरात असते ती अशी: जॅझ पियानो, शिवाय अरेंजिंग, शिवाय थिअरीची दोन वर्षं, दोन कॉम्बो (विद्यार्थ्यांचे छोटे बँड), जमल्यास जॅझचा इतिहास सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी (हा शेवटचा वर्ग शंभर जणांचा असतो आणि त्यातले नव्वद क्रेडिटसाठी आलेले असतात). वैयक्तिक शिकवणीचे तास वर्गाच्या तासापेक्षा हलके मोजतात. तीन तास शिकवणी म्हणजे दोन तास वर्ग, असा हिशेब बऱ्याच संगीत विभागांत चालतो. त्यामुळे नुसती शिकवणी करणाऱ्याचा पूर्ण भार आठवड्याला अठरा तासांच्या आसपास जातो. त्यावर तालमी, ऑडिशन, समित्या.

जागा कायम व्हायला साधारण सहाव्या वर्षी फाइल द्यावी लागते. तिच्यात तीन गोष्टी बघतात: अध्यापन, सर्जनशील काम आणि विभागाची सेवा. भौतिकशास्त्रवाल्याचे जसे शोधनिबंध, तसे आमचे अल्बम, पहिले प्रयोग, कोणीतरी मानधन देऊन लिहून घेतलेल्या (कमिशन) रचना, बाहेरगावचे कार्यक्रम. बाहेरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांकडून तुमच्या कामावर पत्रं मागवतात. गावातल्या हॉटेलात दर शुक्रवारी वाजवता याला त्या फाइलीत फारशी किंमत नाही, पण राष्ट्रीय पातळीवर ओळख असलेल्या लेबलवर एक अल्बम आला आणि त्याची चार ठिकाणी समीक्षा झाली तर आहे. हा निकष मला पूर्ण पटत नाही. शुक्रवारचं वाजवणं थांबलं की अल्बमही हळूहळू निर्जीव होत जातो. पण फाइल वाचणाऱ्यांमध्ये इतिहासाचे आणि रसायनशास्त्राचेही लोक असतात, त्यांना मोजता येईल असं काहीतरी लागतं.

आणि ज्यांना कायम होण्याची शक्यता असलेली जागा मिळत नाही ते तासिका तत्त्वावर शिकवतात. दोन-तीन कॉलेजांत मिळून, गाडीने तासन्‌तास प्रवास करून, आरोग्यविमा स्वतःचा स्वतः भरून. घरच्यांना 'प्राध्यापकी' म्हटल्यावर आपल्याकडच्या सहाव्या-सातव्या वेतन आयोगाचं चित्र दिसत असेल, तर त्यांना हे आधी सांगा.

मुलाखतीचा दिवस कसा असतो, त्यातला एक तुकडा सांगते, कारण त्यात पदवीचा आणि वादनाचा संबंध दिसतो. अर्जांतून तिघं-चौघं निवडून बोलावतात. सकाळी डीनची भेट, दुपारी मैफल, आणि मध्ये आमच्या विद्यार्थ्यांना समोर बसवून शिकवण्याचं प्रात्यक्षिक. एकदा विद्यार्थ्यांचं त्रिकूट एफमधला ब्लूज, म्हणजे जॅझमधली आवर्तनाची पायाभूत रचना, वाजवत होतं. पियानोवरचा मुलगा डाव्या हाताने मूळ स्वर धरून भरगच्च कॉर्ड मारत होता, बेसवालाही तेच स्वर वाजवत होता, खाली सगळा गाळ. एका उमेदवाराने फळ्यावर व्हॉइसिंगचे (कॉर्डमधले स्वर मांडण्याचे) प्रकार काढून दाखवले. चूक काही नव्हतं त्यात. दुसऱ्या बाई मुलाच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, 'उजवा हात मांडीवर ठेव. डाव्यात दोनच स्वर: ए आणि ई-फ्लॅट.' एफ-सेव्हनचे तिसरा आणि सातवा. 'आता बी-फ्लॅट-सेव्हन आलं की दोन्ही बोटं अर्धा स्वर खाली.' ए-फ्लॅट आणि डी, झालं. 'सी-सेव्हनला पहिल्या जागेवरून दोन्ही अर्धा स्वर वर.' बी-फ्लॅट आणि ई. मुलाने एक कोरस (रचनेचं एक पूर्ण आवर्तन) एवढंच वाजवलं. दुसऱ्या कोरसला बेस स्वच्छ ऐकू यायला लागला आणि ड्रमवाल्याने मान वर करून बघितलं. तिसऱ्या कोरसला त्या म्हणाल्या, 'आता हेच दोन स्वर, पण कधी मारायचे ते ड्रमवाल्याचं ऐकून ठरव.'

हे कुठल्या डॉक्टरेटमध्ये शिकवत नाहीत असं नाही. पण कुठल्या क्षणी किती कमी सांगायचं हे ज्याने रात्र-रात्र बेसवाल्यांचं रागाने बघणं सोसलंय त्यालाच चटकन सुचतं. समितीत त्या दिवशी चर्चा झाली ती याच वीस मिनिटांची.

रचनेकडे येते. तिन्हींतली ही बाजू तुम्ही गृहीत धरल्यासारखी वाटते, पण जॅझ पियानिस्टला विद्यापीठात टिकवून धरते ती बहुतेक वेळा हीच. कारण रचना लिहून ठेवलेली असते, फाइलीत लावता येते, दुसऱ्या विद्यापीठाचा बँड वाजवू शकतो. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो-बेस-ड्रम वगैरेंचा ताल-विभाग अशा बिग बँडसाठी लिहिताना कल्पनाशक्तीइतकीच हमालीही येते. पहिल्या ट्रम्पेटला सलग वरच्या पट्टीत ठेवलं तर त्याचे ओठ तिसऱ्या पानावर संपतात. पान उलटायच्या जागी विराम हवा. ड्रमच्या पानावर प्रत्येक ठोका लिहायचा नाही. ब्रासचे (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे) आघात कुठे येतात तेवढं वर दाखवायचं. हे सगळं मी विद्यार्थ्यांकडून करून घेते, कारण तालमीला मिळतात दोन तास, आणि त्यातले वीस मिनिटं 'माझ्या पानावर बार सदतीस कुठाय?' (बार म्हणजे नोटेशनमधला मात्रांचा एक गट) यात गेली तर संगीत वाजायचं राहून जातं. नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर कुठलं, हे विचारणार असाल तर सिबेलियस किंवा डोरिको. फिनाले २०२४ मध्ये कंपनीने बंद केलं, आणि आमच्या पिढीच्या कितीतरी जणांच्या आयुष्यभराच्या फाइली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याचा उद्योग अजून चालू आहे. महत्त्वाचं सगळं पीडीएफ करून ठेवा.

पैसे? रॉयल्टीवर जॅझ रचनाकाराचं घर चालत नाही. कमिशन, अनुदानं आणि फेलोशिप यांवर एखादा प्रकल्प चालतो. चेंबर म्युझिक अमेरिकेची जॅझ रचनांसाठीची अनुदानं, गुगेनहाइम, अशी नावं तुम्हाला सगळ्यांच्या परिचयपत्रांत दिसतील. त्यांतली बरीचशी चालू असलेल्या बँडला मिळतात. पुन्हा तेच: आधी बँड.

मग आता, पुण्यात बसून, काय करायचं?

तुमच्या तबल्याबद्दल आधी. तबल्याचे विद्यार्थी जॅझकडे वळतात तेव्हा काय होतं हे मी वर्गात आणि कार्यशाळांत बघितलंय. फायदा मोठा: आवर्तन डोक्यात चालू ठेवणं तुम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. बारा बारचा ब्लूज असो की बत्तीस बारची ए-ए-बी-ए रचना (पहिला भाग दोनदा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला), सोलो कितीही भरकटला तरी आपण कुठे आहोत हे तबलेवाल्याला कळतं; निव्वळ ग्रेड परीक्षा देऊन आलेल्या पियानोवाल्याला ते वर्षभर जमत नाही. तोटा याच फायद्याच्या पोटात आहे. सम दिसली की तुमचा हात तिच्यावर येतोच. प्रत्येक स्वरवाक्य पहिल्या मात्रेवर संपतं, चौथ्या-आठव्या बारला तिहाई पडते, आणि ऐकणाऱ्याला दर वेळी दार लागल्यासारखं होतं. जॅझमध्ये वाक्य बारची रेघ ओलांडून जातं, पहिल्या मात्रेच्या आधी किंवा नंतर टेकतं. त्यासाठी मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावा, आणि महिनाभर एकही वाक्य पहिल्या मात्रेवर संपवायचं नाही असं बंधन घाला. चिडचिड होईल.

दुसरं स्विंगचं, म्हणजे जॅझच्या डुलत्या चालीचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की आठव्याची (अर्ध्या मात्रेच्या स्वरांची) जोडी दोनास एक वाजवा. तसं कोणी वाजवत नाही. लय वाढली की जोडी जवळजवळ सारखी होते, मंद लयीत ती जास्त लंगडते, आणि प्रत्येक वादकाची चाल निराळी. अय्यरच्या प्रबंधाचा विषय हाच होता: ताल शरीरातून कसा कळतो, आणि सेकंदाच्या बारीक अंशांतले हे फरक आपल्याला 'फील' म्हणून कसे जाणवतात. हे नोटेशनवरून शिकता येत नाही. विन्टन केली किंवा रेड गारलंड या पियानिस्टांचा एक सोलो घ्या, दोन कोरस पुरे. आधी गाऊन पाठ करा, अगदी आपण बंदिश घोकतो तसं. गळ्यात बसल्याशिवाय पियानोला हात लावू नका. मग रेकॉर्डिंगबरोबर इतकं एकजीव वाजवा की तुमचा पियानो वेगळा ऐकू येऊ नये. आपल्याकडे गुरूच्या मागे बसून गाणं उचलण्याची सवय आहे. इथे गुरू रेकॉर्डमध्ये आहे एवढाच फरक.

आणि तबला येतो म्हणून फ्यूजनची घाई करू नका. अर्ज वाचताना 'भारतीय ताल आणि जॅझ यांचा संगम' हे वाक्य आम्हाला इतक्या वेळा दिसतं की नजर पुढे सरकते. अय्यर आणि महंतप्पा यांनी दाक्षिणात्य संगीताशी जे केलं त्याआधी दोघांनी अमेरिकन काळ्या संगीताची परंपरा आतून शिकून घेतली होती. एफमधला ब्लूज साधा, सरळ, गोड वाजवता आला की मग झपतालात हवं ते करा.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: माणसं शोधा. एक बेसवादक आणि एक ड्रमर, आठवड्यातून एकदा तालीम. पुण्यात जमलं तर उत्तम, नाही तर मुंबईला जा. मुंबईचा जॅझशी संबंध कालचा नाही. तिशीच्या दशकात ताजमध्ये टेडी वेदरफोर्डसारखा अमेरिकन पियानिस्ट वाजवून गेला. गोव्यातल्या चर्चशाळांत नोटेशन शिकून आलेले वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं संगीत लिहायचे. चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवता वाजवता सी. रामचंद्रांसाठी अरेंजिंग करत होता. अँथनी गोन्साल्विस तर वाजवायचे, लिहायचे आणि शिकवायचेही. प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवून गेला. वादक, रचनाकार आणि शिक्षक हे तिन्ही एकाच माणसात असणं ही अमेरिकन विद्यापीठांची देणगी नाही. पोटासाठी आपल्याकडेही लोक तेच करत आले. आजही लुई बँक्सची पिढी आणि तिच्या हाताखाली तयार झालेले तरुण मुंबईत वाजवताना ऐकायला मिळतात. एनसीपीएत, क्लबात, ३० एप्रिलच्या जॅझ दिनाला जा. मध्यंतरात जाऊन बोला. दादा, सर, काय म्हणायचं ते म्हणा, पण 'मी तुमच्या तालमीला येऊन बसू का?' एवढं विचारा.

इथपर्यंत ज्याने वर्ष-दोन वर्षं नोकरी सांभाळून केलं त्याने मास्टर्सला अर्ज करावा. निवडीसाठी आधी रेकॉर्डिंग मागवतात: साधारण एक ब्लूज, एक बॅलड (संथ गाणं), एक मध्यम लयीतली आणि एक जलद रचना, स्वतःची असेल तर आणखी चांगलं. ॲपवरच्या तयार ट्रॅकवर वाजवलेलं पाठवू नका. तीन माणसं एका खोलीत, मोबाइल नीट ठेवून केलेलं साधं रेकॉर्डिंग आम्हाला जास्त सांगून जातं, कारण तुम्ही दुसऱ्याचं ऐकता की नाही ते त्यात कळतं.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे. असिस्टंटशिप मिळाली तर या. सरकारी विद्यापीठांत मास्टर्सच्या पियानिस्टला फी माफ आणि दरमहा थोडं वेतन असं मिळू शकतं. बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना पियानो शिकवायचा, बँडमध्ये वाजवायचं. तुम्हाला शिकवणं आवडतं की नाही हेही तिथेच कळेल, फुकटात. शिष्यवृत्तीशिवाय न्यूयॉर्कच्या कॉन्झर्व्हेटरीत दोन वर्षांचा खर्च सहज कोटीच्या घरात जातो, आणि ते कर्ज जॅझ वाजवून फिटत नाही. कर्ज डोक्यावर असलेला वादक मिळेल त्या लग्नात मिळेल ते वाजवतो, मग बँड आणि रचना मागे पडतात. त्यापेक्षा हिंजवडीच्या पगारावर मुंबईत बँड चालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

व्हिसाचंही बघून ठेवा. संगीताच्या पदवीनंतर काम करायला साधारण एकच वर्ष मिळतं; तुमच्या सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना मिळणारी वाढीव मुदत त्यात नसते. विद्यापीठाच्या नोकरीला एच-१बी या कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू होत नाही ही जमेची बाजू, पण ती नोकरी वर्षभरात मिळणं अवघड. कलावंतांसाठी ओ-१ नावाचा व्हिसा आहे, त्यासाठी कामाचे पुरावे लागतात: समीक्षा, कार्यक्रम, नामवंतांची पत्रं. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीलाच विचारा, माझ्यासकट कोणाच्याही जुन्या उत्तरावर विसंबू नका.

डॉक्टरेटचा प्रश्न मास्टर्सनंतर तीन-चार वर्षं बाहेर वाजवून झाल्यावर पुन्हा काढा. तेव्हा तुमच्यापाशी एखादा खरा प्रश्न असेल, अय्यरला तालाबद्दल होता तसा, तर जरूर करा. नोकरी मिळत नाही म्हणून करत असाल तर आणखी चार वर्षांनी तीच नोकरी तितकीच दूर असेल.

घरच्यांना काय सांगायचं? हिंजवडीची नोकरी आत्ता सोडत नाहीये, एवढं सांगितलंत तरी बरंच वातावरण निवळेल.

आता पियानो. अपराइट घेऊ नका. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, सूर चढतो, हिवाळ्यात उतरतो. वर्षातून दोन-तीनदा ट्यूनिंग लागतं आणि चांगला ट्यूनर मिळवणं हीच एक मोहीम असते. शिवाय तुम्ही रात्री दहानंतर रियाज करणार, खालचे काका वर येणार. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, वजनदार हॅमर ॲक्शनचा डिजिटल पियानो घ्या, यामाहा, रोलंड किंवा कावाईचा, उचलून गाडीत घालता येईल असा. आठवड्यातून एकदा मात्र खऱ्या पियानोवर वाजवाच, कारण पेडल आणि हलका स्पर्श डिजिटलवर पूर्ण कळत नाही. संगीतशाळा, चर्च, एखाद्या ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात फोटोफ्रेम ठेवायला वापरला जाणारा पियानो, कुठे ना कुठे सापडतो. वाचलेल्या पैशांतून बेसवाल्याचं मुंबई-पुणे भाडं द्या, म्हणजे तो दर आठवड्याला येईल.